प्राण्यांच्या पोटात डोकावणारा बादशहा

बऱ्हाणपूरच्या शनवारा दरवाज्याचे नाव ऐकले, की मराठी माणसाला ते परके वाटत नाही. शनवारा, इतवारा अशी वारांवरून आलेली नावे आपल्या पेठांमधून आपण नित्य ऐकतो. त्यातून १७६० साली उदगीरच्या लढाईनंतर हे शहर पेशव्यांच्या हाती आले आणि पुढे शिंद्यांकडे गेले, त्यामुळे तापीकाठच्या या नगरीशी आपले नाते जुनेच आहे. तिचा तट आणि दरवाजे निजामुल्मुल्काने १७३१ साली बांधविले. त्याच्याही आधी शंभर वर्षे बऱ्हाणपूर हे मोगलांच्या दक्षिणेतील कारभाराचे केंद्र होते. येथे येणारा प्रवासी बहुधा मुमताजमहलची आठवण काढतो, कारण १६३१ साली तिचे देहावसान याच शहरी झाले. परंतु तिचा सासरा जहांगीर बादशहा याच्या आयुष्यातील तीन मोठे मृत्यूही याच शहरात घडले, हे फारसे कोणी ध्यानात घेत नाही. धाकटा भाऊ दानियल, थोरला मुलगा खुसरू आणि दुसरा मुलगा परवीझ हे तिघेही बऱ्हाणपुरात वारले.

जहांगीर म्हटला, की आपल्या डोळ्यांपुढे विलासी, मद्यासक्त आणि नूरजहानच्या मुठीत असलेला बादशहा उभा राहतो. हे चित्र अगदीच खोटे नाही. परंतु त्याची दुसरी एक बाजू होती. वन्य पशूंचे, पक्ष्यांचे व सर्पांचे पोट फाडून आत काय आहे ते पाहण्याची त्याला विलक्षण हौस होती. आज प्राण्यांच्या आतड्यांतील कृमींचे एक स्वतंत्र शास्त्र झाले आहे. त्या शास्त्राचा जन्म होण्यापूर्वी त्याच्या उंबरठ्यापर्यंत जाऊन पोचलेला हा हिंदुस्थानचा बादशहा होता. तो उंबरठ्यावरच का थांबला, हे पाहणे उद्बोधक आहे.

जहांगिराचा जन्म ३१ ऑगस्ट १५६९ रोजी फत्तेपूर सिक्री येथे झाला. शेख सलीम चिश्ती यांच्या आशीर्वादाने झालेला मुलगा म्हणून त्याचे नाव सलीम ठेवले. अकबरासारख्या कर्तबगार बापाच्या छायेत वाढलेल्या या मुलाने वयाच्या अठराव्या वर्षी मद्याचा पेला प्रथम ओठाला लावला. पुढे नऊ वर्षांत ते व्यसन दिवसाला वीस पेले दोनदा गाळलेल्या दारूपर्यंत गेले. हात इतके कापू लागले, की पेला दुसऱ्याने तोंडाशी धरावा लागे. अखेर हकीम हुमामने निर्वाणीचा इशारा दिल्यावर त्याने ते प्रमाण हळूहळू कमी केले. ही सारी हकीकत त्याने आपल्या आत्मचरित्रात कोणताही आडपडदा न ठेवता लिहून ठेवली आहे. आपल्या देहाविषयीही तो एखाद्या परक्या प्राण्याविषयी लिहावे तसे लिहितो.

त्याच्या भावांना मात्र हे साधले नाही. मुराद १५९९ साली दक्षिणेत दारूपायीच गेला. दानियल बऱ्हाणपुरास होता. अकबराने त्याच्यावर कडक पहारा बसविला. तेव्हा त्याच्या एका सेवकाने बंदुकीच्या नळीत दारू भरून ती आत पोचविली. नळीतला गंज आणि दारूगोळ्याची घाण त्या दारूत उतरली आणि १६०५ साली दानियल मरण पावला. त्याच वर्षी अकबरही गेला आणि सलीम जहांगीर या नावाने तख्तावर बसला.

राज्यावर आल्यावर त्याची जिज्ञासा पूर्ण करण्यास अवघे साम्राज्य राबू लागले. १६१२ साली मुकर्रबखानाने गोव्याच्या पोर्तुगीजांकडून काही अपूर्व प्राणी आणले. त्यांत आपल्याकडे तोवर न दिसलेला टर्की कोंबडा होता. बादशहाने त्याचे बारकाईने वर्णन लिहिले आणि चित्रही काढविले. १६२१ साली झेब्रा आला, तेव्हा ते पट्टे कोणी रंगवले तर नाहीत ना, याची त्याने आधी खात्री करून घेतली. उस्ताद मन्सूर या चित्रकाराने त्याच्यासाठी काढलेली पशुपक्ष्यांची चित्रे आजही प्राणिशास्त्रज्ञ आदराने पाहतात. सारस पक्ष्यांच्या एका जोडीची नावे त्याने लैला आणि मजनू अशी ठेवली होती. त्यांनी अंडी कशी घातली, नरमादी आळीपाळीने कशी उबवीत बसली, हे त्याने दिवसांच्या हिशेबासह टिपून ठेवले.

१६१७ साली दक्षिणेच्या मोहिमेनिमित्त जहांगीर मांडवगडावर येऊन राहिला. शाहजादा खुर्रम पुढे बऱ्हाणपुरास गेला आणि तेथून त्याने दक्षिणेची बोलणी चालविली. ऑक्टोबरमध्ये तो परत आल्यावर बापाने त्याला शहाजहान ही पदवी दिली. दोन वर्षांपूर्वी, म्हणजे नोव्हेंबर १६१५ मध्ये, इंग्रजांचा वकील सर टॉमस रो सुरतेहून अजमेरकडे जाताना बऱ्हाणपुरास उतरला होता. तेव्हा परवीझ तेथे सुभेदार होता. रोने नजर केलेल्या मद्याच्या बाटल्यांनी त्याला इतके धुंद केले, की पुढची भेट होऊच शकली नाही. काकाचे व्यसन पुतण्यात उतरले होते.

मांडवगडाच्या मुक्कामात बादशहाने आपल्या शिकारीचा हिशेब मांडविला. बाराव्या वर्षापासून त्या दिवसापर्यंत त्याच्या समक्ष २८,५३२ जनावरे मारली गेली. त्यांपैकी १७,१६७ त्याने स्वतः मारली होती. त्याच वर्षी नूरजहानने हत्तीवरच्या अंबारीतून सहा गोळ्यांत चार वाघ मारले. हे आकडे वाचून आज आपले मन विटते. परंतु या शिकारीत इतर राजांच्या शिकारीहून एक गोष्ट वेगळी होती. जनावर पडले, की बादशहाचे कुतूहल जागे होई. वाघ-सिंह इतके शूर का, याचे उत्तर त्याने त्यांच्या शरीरात शोधले. त्याला असे आढळले, की इतर जनावरांचे पित्ताशय यकृताच्या बाहेर असते, तर यांचे यकृताच्या आत. शौर्याचे मूळ येथेच असेल काय, अशी शंका त्याने नोंदविली. पुढे एक लांडगा मारला गेला, तेव्हा त्याचेही पोट उघडून तीच गोष्ट ताडून पाहिली. अनुमान चुकीचे असले, तरी एका प्राण्यात दिसलेले दुसऱ्यात तपासून पाहावे, ही दृष्टी शास्त्रज्ञाची होती.

प्रवासात एकदा त्याला सव्वादोन गजांचा एक मोठा साप दिसला. त्याने ससा अर्धा गिळला होता आणि उरलेला अर्धा गिळीत होता. शिकाऱ्यांनी उचलून आणताना ससा त्याच्या तोंडातून गळून पडला. बादशहाने तो परत तोंडात घालण्यास सांगितले, पण काही केल्या तो जाईना, उलट सापाचा जबडा मात्र फाटला. मग पोट चिरण्याचा हुकूम झाला, तो आतून आणखी एक सबंध ससा निघाला. या जातीला लोक चितळ म्हणतात, ती विषारी नसते आणि सबंध हरीणही गिळते, अशी टीप त्याने पुढे जोडली आहे. वर्णनावरून तो अजगर असावा.

येथे क्षणभर थांबले पाहिजे. भक्षकाच्या पोटात भक्ष्य, हे जे दृश्य बादशहाने पाहिले, तोच आतड्यांतील कित्येक कृमींचा राजमार्ग आहे. पट्टकृमीची अंडी विष्ठेवाटे गवतावर पडतात. ती सशाच्या वा उंदराच्या पोटात जातात, आणि तेथे मांसात किंवा पडद्यात पाण्याच्या फोडासारखी त्यांची बाल्यावस्था वाढते. तो ससा कोल्ह्याने खाल्ला, की तीच बाल्यावस्था कोल्ह्याच्या आतड्यात लांबलचक पट्टकृमी होऊन बसते. हे कोडे क्यूखेनमाइस्टर या जर्मन वैद्याने १८५१ साली सोडविले, आणि तेही सशाच्या अंगातील असे फोड कोल्ह्यांना खाऊ घालूनच. अजगराच्या आतड्यातही पट्टकृमी आणि जठरात गोलकृमींचे गुंतवळ सापडतात, तेही पुष्कळदा अशाच भक्ष्याच्या वाटेने आत शिरतात. जहांगिराने ससे मोजले, पण सशांच्या आत पाहिले नाही. त्याला त्याची गरजच वाटली नाही, कारण पोटातले जंत कुजक्या अन्नातून आणि मळातून आपोआप उपजतात, असेच तेव्हा सर्व जगातले विद्वान मानीत होते. आपल्या चरकसंहितेत कृमींचे २० प्रकार सांगितले आहेत, त्यांची स्थाने आणि औषधेही दिली आहेत. परंतु ते दूषित अन्नापासून आणि दोषांपासून होतात, यापलीकडे विचार तेव्हा गेला नव्हता.

तरीही कृमींच्या बाबतीत एकदा जहांगिराने जे केले, ते खरोखर नवल वाटण्यासारखे आहे. पहाडी मेंढ्यांच्या शिंगांत एक किडा होतो, त्याच्या वळवळीने मेंढा बेचैन होऊन दुसऱ्या मेंढ्याशी टकरा घेतो आणि कोणी न मिळाल्यास झाडावर किंवा खडकावर डोके आपटतो, असे त्याच्या कानावर आले होते. त्याने चौकशी करविली. तेव्हा मादीच्या शिंगातही तसाच किडा सापडला. मादी तर टकरा घेत नाही. तेव्हा किड्यामुळे झुंज होते हे म्हणणे खोटे, असा निकाल त्याने दिला. जेथे कारण आहे पण कार्य नाही, तेथे ते कारणच नव्हे, हा आजच्या प्रयोगशाळेतला नियम बादशहाने शिकारीच्या तळावर लावला.

किडा मात्र खोटा नव्हता. एक जातीची माशी मेंढ्याच्या नाकपुडीशी जिवंत अळ्या सोडते. त्या नाकातून वर चढून कपाळाच्या पोकळीत आणि कधी शिंगाच्या मुळातील पोकळीत राहतात. पुरत्या वाढल्या, की शिंकेबरोबर बाहेर पडून मातीत कोष करतात. आपले धनगर मेंढरांच्या या शिंका चांगल्या ओळखतात. बादशहासमोर आलेला किडा बहुधा हाच असावा. तो माशीपासून होतो, हे कळण्यास मात्र अजून अवकाश होता.

त्या ज्ञानाच्याही तो किती जवळ आला होता पाहा! १६१८ साली गुजरातेत असताना अहमदाबादची हवा वाईट की महमूदाबादची, हे ठरविण्यासाठी त्याने दोन्ही ठिकाणी सोललेली मेंढरे टांगविली. अहमदाबादेस मांस आठ तासांत नासले, तर महमूदाबादेस चौदा तास टिकले. बरोबर पन्नास वर्षांनी, १६६८ साली, इटलीतील फ्रान्चेस्को रेदी या वैद्याने मांसाचे तुकडे काही उघड्या व काही झाकलेल्या भांड्यांत ठेवले. माशा जेथे बसल्या तेथेच अळ्या पडल्या, झाकलेल्या भांड्यांत पडल्या नाहीत. अळ्या मांसातून नव्हे, तर माशीच्या अंड्यातून होतात, हे सिद्ध झाले. हा रेदी १६२६ साली, म्हणजे जहांगिराच्या मृत्यूच्या आदल्याच वर्षी जन्मला होता. टस्कनीच्या ड्यूकचा तो राजवैद्य होता. १६८४ साली त्याने जिवंत प्राण्यांच्या शरीरात राहणाऱ्या जिवांवर ग्रंथ लिहिला. दोन तोंडांच्या एका सापाच्या चिरफाडीने त्याचा आरंभ होतो आणि पुढे पशू, पक्षी, मासे यांच्या आतड्यांतील शंभराहून अधिक परोपजीवींचे वर्णन येते. पोटातल्या जंतांची उत्पत्ती मात्र रेदीलाही शेवटपर्यंत उलगडली नाही.

दोघांमध्ये फरक होता तो बुद्धीचा नव्हे. रेदीचे ग्रंथ छापले गेले, दुसऱ्यांनी ते वाचले, प्रयोग पुन्हा केले आणि त्याच्या चुकाही काढल्या. बादशहाच्या नोंदी दरबारी ग्रंथालयात सोनेरी कागदावर राहिल्या. त्याला विरोध करणारा कोणी नव्हता आणि त्याचे काम पुढे नेणाराही कोणी नव्हता. मोमियाई लावल्याने मोडलेले हाड जुळते, असे हकीम सांगत. तेव्हा त्याने कोंबडीचा पाय मोडून ती लावून पाहिली आणि तिचा गुण येत नाही असे ठरविले. तरी हकिमांची मोमियाई त्यामुळे बंद झाली असे नाही. हुकूम सुटू शकतो, विद्या हुकमाने वाढत नाही.

प्राण्यांचे रोग माणसांत येतात, याची चाहूलही त्याच्या लिखाणात लागते. पिसाळलेल्या कुत्र्याने शाही हत्तिणीच्या पायाला चावा घेतला आणि महिन्याभराने ती थरथरत, तोंडातून पाणी गाळीत मेली. हे त्याने लक्षणांसह लिहिले. १६१९ च्या सुमारास आग्र्यास प्लेगने थैमान घातले. तेव्हा आसफखानाच्या मुलीच्या घरात झोकांड्या खाणारा एक उंदीर कसा दिसला, मांजराने तो धरून कसा टाकून दिला, मग मांजर कसे आजारी पडले आणि पुढे घरातली माणसे कशी दगावली, ही हकीकत त्याने क्रमवार टिपली आहे. उंदरावरील पिसवांचा संबंध कळण्यास पुढे जवळजवळ तीनशे वर्षे जावी लागली. परंतु उंदीर, मांजर, माणूस ही ओळ त्याच्या नोंदीत लागलेली आहे.

याच काळात बऱ्हाणपुरात एक मोठे काम झाले. अब्दुर्रहीम खानखानाच्या वेळी, १६१५ च्या सुमारास, सातपुड्याच्या पायथ्याचे झिरपणारे पाणी जमिनीखालच्या बोगद्यांतून व कुंड्यांतून शहरात आणले गेले. त्यालाच आज आपण खुनी भंडारा किंवा कुंडी भंडारा म्हणतो. जमिनीखालून आलेले पाणी गुराढोरांच्या शेणमुतापासून बरेचसे दूर राहते, आणि जंतांच्या अंड्यांची एक मोठी वाट त्यामुळे आपोआप अडते. हे गणित बांधणाऱ्यांच्या मनात नव्हते. त्यांना तहान भागवायची होती. पण कित्येक हकिमांच्या पुड्यांपेक्षा त्या बोगद्यांनी या शहराच्या पोटाची अधिक काळजी घेतली असेल.

आता या चरित्रातील सर्वांत कठीण प्रसंग. थोरल्या खुसरूने १६०६ साली बंड केले, तेव्हा जहांगिराने त्याच्या साथीदारांना क्रूर शिक्षा दिल्या आणि पुढे मुलाची दृष्टीही घालविली. १६२० साली शहाजहान दक्षिणेत निघाला, तेव्हा त्याने या आंधळ्या भावाला आपल्या ताब्यात मागून घेतले. जानेवारी १६२२ मध्ये बऱ्हाणपुरात खुसरू मेला. शहाजहानने बापाला कळविले, की तो पोटशुळाने गेला. आतड्यांच्या कळेने मृत्यू! शहाजहाननेच त्याला मारविले, असे बहुतेक इतिहासकार मानतात. लांडग्याचे पित्ताशय कोठे आहे हे स्वतः पाहिल्यावाचून ज्याला चैन पडत नव्हते, सापाच्या पोटात दुसरा ससा आहे की नाही हे ज्याने चिरून पाहिले, त्या बादशहाने पोटच्या मुलाच्या या पोटदुखीची एवढीशी नोंद केली आणि तो पुढच्या मजकुराकडे वळला. प्रेत पुढे बऱ्हाणपुराहून हलवून अलाहाबादेस नेण्यात आले. तेथील खुसरू बागेत त्याची कबर आहे.

यास बापाची निष्ठुरता म्हणावे, की राजकारणाची अगतिकता? त्या वेळी जहांगीर स्वतः दम्याने खंगला होता. त्याच १६२२ साली त्याने आत्मचरित्र स्वहस्ते लिहिणेही थांबविले आणि ते काम मुतमदखानाकडे सोपविले. त्याच वर्षी शहाजहानही बापावर उठला. ऑक्टोबर १६२६ मध्ये परवीझ बऱ्हाणपुरातच दारूने मेला. एक वर्षाने, ऑक्टोबर १६२७ मध्ये, काश्मीरहून लाहोरास परतताना वाटेतच जहांगिराने प्राण सोडला. राजौरीजवळ चिंगस नावाची एक सराई आहे. वारसाचा झगडा पेटू नये म्हणून नूरजहानने मृत्यूची बातमी दडविली, प्रेत टिकावे म्हणून बादशहाचे आतडे काढून तेथे पुरविले आणि देह लाहोरास नेला, अशी त्या भागातली परंपरा आहे. चिंगस या नावाचा अर्थही तेथील लोक आतडे असाच सांगतात. त्याची मोठी कबर लाहोरजवळ शहादरा येथे आहे.

आज वन्य प्राण्याच्या पोटात काय आहे, हे पाहण्यासाठी त्याला मारावे लागत नाही. बऱ्हाणपूरच्या पूर्वेस मेळघाटचे वाघांचे अरण्य आहे. अशा रानातून वाघ-बिबळ्यांची विष्ठा आणि हरणांच्या लेंड्या गोळा करतात, मिठाच्या दाट पाण्यात त्या कालवितात, वर तरंगलेली अंडी सूक्ष्मदर्शकाखाली धरतात, आणि कोणत्या पशूच्या पोटात कोणता कृमी आहे ते सांगतात. रानाच्या कडेला चरणारी गुरे आणि गावची कुत्री यांचे जंत रानात जातात, रानातले गावात येतात, म्हणून हे काम केवळ कुतूहलाचे राहिलेले नाही. प्राणिसंग्रहालयातल्या अजगरासही आता पोट चिरून घ्यावे लागत नाही, त्याची विष्ठा तपासून औषध देता येते.

जहांगिराच्या १७,१६७ बळींचे समर्थन कोणी करणार नाही. परंतु ऐकीव गोष्ट तपासल्यावाचून मानू नये, हा त्याचा आग्रह मोलाचा होता. मेंढ्याच्या शिंगातल्या किड्यापुरता तो त्याने पाळला. खुसरूच्या बाबतीत त्याने तो पाळला असता, तर मोगल घराण्याचा इतिहास कदाचित वेगळा लिहिला गेला असता. प्राण्याच्या पोटात पाहण्यास कुतूहल पुरते. आपल्या घरातल्या सत्याकडे पाहण्यास त्याहून अधिक धैर्य लागते, आणि ते पित्ताशय यकृताच्या आत असल्याने येत नाही.